आधी खानावळीची फिल्म, मग मुंबई

प्रश्न : मी 39 वर्षांची आहे. जन्म, शिक्षण सगळं बडोद्यातलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून नाट्यविषयात पदवी घेतली, मग मुंबईला जाऊन पाच वर्षं मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलं. लग्न ठरलं आणि परत आले. आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगी दहा वर्षांची, सासूबाई 76 वर्षांच्या. मी शाळांमध्ये मुलांची नाटकं बसवते, उन्हाळ्यात शिबिरं घेते. मध्यंतरी विजया मेहता यांचं आत्मचरित्र वाचलं. वाचून हुरूप यायला हवा होता, पण मी खचलेच. पंचविशीत त्यांनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली होती, आणि मी या वयात सशाचे कान शिवत बसले आहे. आता मुंबईचा एक जुना सहकारी रोजच्या मालिकेवर एपिसोड डायरेक्टर म्हणून ये म्हणतोय. महिन्यातले वीस-बावीस दिवस तिथे राहावं लागेल. यजमान म्हणतात, ‘या वयात पुन्हा पहिल्यापासून?’ सासूबाई म्हणतात, ‘जा तू, मी आहे.’ मला खरं तर स्वतःची फिल्म करायची होती. सासूबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं. त्यानंतर त्यांनी राहत्या घरात खानावळ चालवली, कलाभवन कॉलेजच्या मुलांना जेवू घातलं. हिशेबाची वही अजून माळ्यावर आहे. ज्या मुलांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या नावापुढे त्यांनी नुसता एक ठिपका देऊन ठेवला आहे. यावरची गोष्ट बरीच वर्षं डोक्यात घोळते आहे. पण इतकं घरगुती कोण बघणार? मुंबईचं काम घ्यावं, की दिग्दर्शक व्हायचा विचारच सोडून द्यावा?
– एक वाचक, बडोदा (नाव न छापण्याची विनंती)

प्रिय मैत्रीण,

तुम्ही दोन वाटा मांडल्या आहेत, मुंबई नाहीतर माघार. तिसरी वाट तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिली आणि पुढच्याच वाक्यात तिच्यावर काट मारली. माझं मत आधीच सांगून टाकते. या वर्षी मुंबईला जाऊ नका. खानावळीची फिल्म करा, वीस-पंचवीस मिनिटांची, येत्या हिवाळ्यात, बडोद्यातच.

आधी विजयाबाईंचं बोलू, कारण त्यांच्या आयुष्यातली एकच तारीख तुम्ही मनाला लावून घेतली आहे. 1960 साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशा मंडळींबरोबर त्यांनी ‘रंगायन’ सुरू केली तेव्हा त्या पंचविशीत होत्या, हे खरं. पण ते नाटक झालं. तुम्हाला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं आहे, आणि तिथे त्या पोचल्या पन्नाशीच्या आसपास. जन्म 1934चा, तोही तुमच्याच बडोद्यातला. लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणींवरची त्यांची टेलिफिल्म 1980च्या दशकातली, ‘रावसाहेब’ त्याच दशकाच्या मध्यावरचा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळासाठी केलेला ‘पेस्तनजी’ 1988चा, आणि इस्पितळात घडणारी ‘लाइफलाइन’ ही दूरदर्शन मालिका त्याच्याही पुढची. तुमच्या वयाच्या असताना दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर एकही चित्रपट नव्हता.

मग मधली वर्षं काय चाललं होतं? तालमी चालल्या होत्या. आयनेस्को, ब्रेख्त यांच्यासारखे परदेशी नाटककार मराठी मातीत रुजवायचे, चिं. त्र्यं. खानोलकरांची अवघड नाटकं नटांच्या अंगात मुरवायची. याच काळात त्यांचे पहिले पती, दुर्गाबाई खोट्यांचे चिरंजीव हरिन खोटे, अकाली गेले. पदरात दोन लहान मुलगे. तालमी चालूच राहिल्या. पुढे हातात कॅमेरा आला तेव्हा त्यांनी काय केलं ते बघा. ‘रावसाहेब’ म्हणजे जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’. ते त्यांनी रंगभूमीवर बसवलं होतं आणि त्यातली विधवा मावशी स्वतः केली होती. ‘हवेली बुलंद थी’ ही टेलिफिल्म म्हणजे महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. ‘हमीदाबाई की कोठी’ही आधी नाटक म्हणून त्यांच्या हातून गेलेली. म्हणजे जी घरं त्यांना कोपऱ्या-कोपऱ्यासकट पाठ होती, त्याच घरांत त्यांनी कॅमेरा नेला. कोण कुठल्या दाराशी थबकतं, कोणाला माजघर ओलांडायची परवानगी नाही, हे त्यांना सेटवर जाऊन शोधावं लागलं नाही. चित्रपटातही मावशी त्यांनीच केली, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या सासूबाईंचं घर तुम्हाला असंच पाठ आहे. एका तरुण विधवेचं घर, आणि त्यात रोज जेवायला येणारी परकी मुलं. याला तुम्ही ‘इतकं घरगुती’ म्हणता!

सई परांजपे यांचं उदाहरण तर तुम्हाला आणखी जवळचं आहे. आकाशवाणीवर निवेदन, पुण्यात बालनाट्य, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग दिल्ली दूरदर्शनची नोकरी. मुलांसाठी त्यांनी नाटकं लिहिली, बसवली, पुढे बालचित्रपटही केले. सशाचे कान त्यांच्याही वाट्याला आलेच असणार, आणि त्यांनी ते काम कधी हलकं मानलं असेल असं त्यांच्या चित्रपटांकडे बघून वाटत नाही. ‘स्पर्श’ झाला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यातला अंध मुख्याध्यापक दिल्लीतल्या एका खऱ्या अंधशाळेच्या मुख्याध्यापकांवरून घडला. ‘चष्मेबद्दूर’ आधी टीव्हीवरचं त्यांचंच नाटक होतं. ‘कथा’च्या मागेही एक मराठी नाटक आहे. हातात होतं ते त्यांनी पुन्हा-पुन्हा घासूनपुसून वापरलं. आणि ‘स्पर्श’ला 1979 सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, त्यांना पटकथेचा, नसीरुद्दीन शहांना अभिनयाचा, तरी सर्वसाधारण प्रेक्षकांपर्यंत पोचायला त्याला वर्षं लागली. फिल्मफेअर मिळालं ते 1985 साली. फिल्म करणं आणि ती लोकांपर्यंत जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याची धास्ती घेऊन पहिलं अडवून ठेवू नये.

पण तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतील त्या सुमित्रा भावे. 1943चा जन्म. शिक्षण समाजकार्याचं, काम अध्यापनाचं आणि संशोधनाचं. झोपडपट्टीतल्या दलित स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास त्या करत होत्या आणि एक गोष्ट त्यांना खटकायला लागली. ज्या बायकांविषयी एवढं लिहिलं जातं, त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. अहवाल त्यांना वाचता येत नाही. चित्र मात्र कोणीही बघू शकतं. म्हणून त्या सिनेमाकडे वळल्या. ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट 1985चा, त्यांच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीचा, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमाच्या कुठल्याही शाळेत त्या शिकल्या नव्हत्या. ‘दोघी’ आला 1995मध्ये. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा त्यांनी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवलं होतं. 2021मध्ये त्या गेल्या. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही सुरुवात. त्या दिग्दर्शक व्हायला म्हणून निघाल्या नव्हत्या. सांगण्यासारखं काहीतरी हाताशी होतं, ते कोणाला सांगायचं हेही नक्की होतं, आणि ते पोचवायचं साधन म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी, नाहीतर ही चरित्रं तुम्हाला पुन्हा खचवतील. या तिघींभोवती माणसं होती, संस्था होत्या. मुंबई-पुणे-दिल्ली होती. एकच दूरदर्शन होतं, त्यामुळे टीव्हीवर आलेलं सगळा देश बघायचा. सरकारी महामंडळ वेगळ्या सिनेमाला पैसा घालत होतं. सईताईंच्या मागे आजोबांचं, रँग्लर परांजप्यांचं घर होतं, विजयाबाईंचं सासर खोट्यांचं. बुद्धी आणि मेहनत त्यांचीच, पण त्यांना पाय टेकायला जागा होती. तुमच्याकडे यातलं फार थोडं आहे. आजचा कॅमेरा स्वस्त आहे, संकलन घरच्या संगणकावर होतं, ही तुमची सोय. नसलेली गोष्ट म्हणजे सोबत. सुमित्राताईंना सुनील सुकथनकर यांच्यासारखा सहदिग्दर्शक मिळाला आणि पुढचं सगळं मोठं काम दोघांनी मिळून केलं. वयाने ते पुष्कळ लहान. तुम्हीही असं एक माणूस शोधा. विद्यापीठाच्या ललित कलेत किंवा नाट्यविभागात पंचविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी नक्की सापडेल, जिला कॅमेरा आणि संकलन येतं पण गोष्ट सुचत नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. फिल्मच्या श्रेयनामावलीत तिचं नाव तुमच्याबरोबर यायला हवं, ही तयारी ठेवा.

आता मुंबईच्या कामाविषयी. मालिकांच्या सेटवर मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे ऐकीव नाही. सकाळी सातची शिफ्ट, गोरेगावला नाहीतर मीरा रोड-नायगावच्या बाजूला. कलाकारांचा मेकअप चालू असताना सीन हातात पडतात, कधी अर्धेच. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली असते, त्यामुळे आज चित्रित केलेलं उद्या-परवा दाखवायचं असतं. सासू दारात उभी राहील की जिन्यावर, तिला खरं कळेल की तिचा गैरसमज होईल, हे वरून ठरून आलेलं असतं आणि दुपारी चॅनलच्या एका फोनवर बदलतं. सगळ्यांना एकत्र दाखवणारा मास्टर शॉट, दोन क्लोजअप, एक रिॲक्शन, चला पुढचा सीन. संध्याकाळी ठरलेल्या मिनिटांचं फुटेज भरलं की दिवस चांगला गेला. या कामाबद्दल मला आदर आहे. थकलेल्या नटीकडून अकराव्या तासाला रडण्याचा सीन काढून घेणं हे कसब आहे, आणि शेकडो घरं त्यावर चालतात. मात्र तिथे तुमच्या हाताला वेग मिळेल, निर्णय मिळणार नाहीत. कॅमेरा कुठे ठेवायचा एवढंच ठरवाल, काय सांगायचं ते नाही. टीआरपी घसरला की मालिका महिनाभराच्या सूचनेवर गुंडाळली जाते. तेव्हा परत बडोद्याला याल त्या आणखी दमलेल्या, आणि खानावळीची वही माळ्यावरच असेल.

मुलीसाठी थांबा, असं मी मुळीच म्हणत नाही. तिला वडील आहेत, आजी आहे. विजयाबाई आणि सईताई दोघीही आया होत्या. मी थांबा म्हणते ते या कामासाठी एवढी किंमत मोजू नका म्हणून. उद्या कोणी तुमच्या फिल्मसाठी दोन महिने मुंबईला बोलावलं तर बेलाशक जा.

आता त्या वहीकडे येऊ. पत्रातलं तुमचं हे वाक्य मी परत-परत वाचलं. ज्या मुलांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या नावापुढे नुसता ठिपका. ‘बाकी’ असा शब्द नाही, आकडा नाही, लाल रेघ नाही. तुमच्या जागी मी असते तर आधी सासूबाईंजवळ बसून हे प्रश्न विचारले असते. ठिपका कधी द्यायच्या, महिना संपल्यावर की त्या मुलाने तोंड चुकवायला सुरुवात केल्यावर? त्याला माहीत होतं का? दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तर पोळी कोण वाढायचं? त्याच्या पानात तूप पडायचं की नाही? ठिपका दिलेल्यांपैकी पुढे कोणी पैसे आणून दिले का, आणि दिले तर त्या ठिपक्याचं काय केलं? शेजारच्या बायका काय म्हणायच्या? तिशीतली विधवा बाई आणि अठरा-वीस वर्षांची डझनभर मुलं, म्हणजे म्हणायच्याच. माहेरचे लोक, दीर, भाऊबंद कोण काय बोललं? या प्रश्नांची उत्तरं मिळवता-मिळवता तुमची पटकथा आपोआप लिहून होईल. फोनवर रेकॉर्ड करा. एका बैठकीत उरकू नका. दुपारी त्या भाजी निवडत असतील, पाय चेपून घेत असतील, तेव्हा बोलू द्या. हे सगळ्यात पहिलं काम, बाकीच्या आधी. 76 वर्षांच्या माणसाच्या आठवणी पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.

त्यांची परवानगीही नीट घ्या. ती गोष्ट तुमची होण्याआधी त्यांची आहे. एखादी गोष्ट दाखवू नको म्हणाल्या तर दाखवू नका. वहीतली खरी नावं पडद्यावर येता कामा नयेत. ती मुलं आता साठीची असतील, कुठे-कुठे इंजिनियर म्हणून निवृत्त झाली असतील, कोणाची सून ही फिल्म बघत असेल. नवी वही तयार करा, जुन्यासारखी पिवळी, तशाच अक्षरातली. आणि सासूबाईंना त्यांचीच भूमिका करायला लावण्याचा मोह होईल, तो आवरा. त्यांना हा संसार एकदा पार पाडून झाला आहे. दिव्यांखाली पुन्हा करायला लावू नका. त्यांचा आवाज मात्र वापरता येईल.

कलाभवनवरून एक सांगायचं राहील. तुमच्या घरी जेवणारी मुलं ज्या कलाभवनची, ते सयाजीरावांनी 1890 साली काढलं, आणि सुरुवातीच्या काळात तिथे शिकलेल्यांत धुंडिराज गोविंद, म्हणजे दादासाहेब फाळके होते. चित्रकला, छायाचित्रण त्यांनी बडोद्यात गिरवलं आणि पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला. बडोद्यात राहून सिनेमा कसा करायचा, हा प्रश्न तुम्ही विचारता तेव्हा मला राहून-राहून हे आठवतं.

फिल्मची भाषा बडोद्याचीच ठेवा. पुण्याला समजेल म्हणून ती धुऊन काढू नका. काठियावाडचा मुलगा दारातून ‘बेन, आजे शाकमां शुं छे?’ विचारणार आणि सासूबाई मराठीत ‘दुधी आहे, पानावर बस आधी’ म्हणणार. दोघांनाही भाषांतराची गरज लागणार नाही. ही तीन पिढ्यांची सवय आहे आणि ती पडद्यावर फारशी आलेली नाही. माझ्या मते तुमच्या फिल्मचं खरं वेगळेपण इथे आहे. मुलांच्या भूमिकांसाठी विद्यापीठातलीच मुलं घ्या. अनुभवी नट नकोत. तुम्ही इतकी वर्षं दहा-दहा वर्षांच्या पोरांकडून खोटं न वाटणारं वाक्य बोलून घेत आला आहात, सेटवर दिग्दर्शकाचं निम्मं काम हेच असतं. मुंबईच्या मालिकेत या कौशल्याला वेळच मिळत नाही. इथे तीन आठवडे तालीम करा. त्यातले काही दिवस त्या मुलांना खरोखर पंगतीला बसवून जेवू घाला आणि त्यांचं वागणं नुसतं बघत बसा. कोण आधी पाण्याला हात लावतो, कोण ताट स्वतः उचलतो, दुसरी वाटी मागायला कोण लाजतो.

तारखांचा विचार आत्ताच करा, कारण बडोद्यात वर्षाचे काही आठवडे शूटिंग अशक्यच असतं. नवरात्रात तुम्हाला एकही मुलगा मिळणार नाही, रात्री गरबा आणि दिवसा झोप. दिवाळीनंतर लग्नसराई, तेव्हा कॅमेरेवाले, दिवेवाले सगळे बुक आणि रस्त्यावर वरातीचा बँड. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर कमुर्तं, म्हणजे लग्नकार्यं न करण्याचा महिना, लागली की सुरू करा. लग्नं थांबतात, व्हिडिओवाले मोकळे असतात, भाडं कमी करायला तयार होतात. मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम आटोपायलाच हवं. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आलं की गच्च्यांवर स्पीकर चढतात आणि मग आवाजाची वाट लागते.

पहिल्या फिल्मवाले आवाजाला नेहमी शेवटी ठेवतात. तुम्ही आधी ठेवा. भाड्याच्या पैशात ओढाताण झाली तर लेन्स साधी घ्या, पण साउंड रेकॉर्डिस्ट चांगला घ्या. चित्र थोडं दाणेदार असलं तर लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही की उठून जातात. तुमच्या गल्लीत दिवसभर स्कूटर चालू असतात, शेजारी कुकर, वर पंखा, संध्याकाळी आरती. पंखा बंद ठेवावा लागेल, डिसेंबरात ते जमतं. पोळ्या लाटण्याचा, ताटं मांडण्याचा, पाट सरकवण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. खानावळीची फिल्म निम्मी कानांनी बघितली जाणार आहे.

घरचं बोलायला हवं. ‘या वयात पुन्हा पहिल्यापासून?’ हा यजमानांचा प्रश्न मुंबईच्या कामापुरता मला चुकीचा वाटत नाही, आणि हे त्यांना सांगाही. त्यांचं एक म्हणणं मान्य केलंत की तुमचं दुसरं त्यांना ऐकावं लागेल. मग दोन गोष्टी स्पष्ट आकड्यांत मागा, पैसे आणि वेळ. किती रुपये लागतील ते कागदावर मांडून दाखवा. जेवणखाण, साउंड, दिवे, प्रवास, संकलन, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला थोडं का होईना मानधन. फुकट काम करून घेऊ नका, विशेषतः विद्यार्थ्यांकडून. थकलेल्या पैशांची गोष्ट सांगणाऱ्या फिल्ममध्ये तर नाहीच. घर दोघांच्या कष्टावर चाललं आहे, तेव्हा हा खर्च उपकार म्हणून मागू नका, हक्काने मागा. जमत नसेल तर फिल्म पंधरा मिनिटांची करा, पण सोनं मोडू नका आणि कर्ज काढू नका. वेळेचं तसंच. तालमीचे तीन आठवडे आणि शूटिंगचे दिवस तुम्ही स्वयंपाकघरात नसाल, हे आत्ताच ठरू दे. ‘जमेल तसं बघू’ म्हणून सोडलंत तर शूटिंगच्या दिवशी सकाळी डबा तुम्हीच भरत असाल.

सासूबाईंचं ‘जा तू, मी आहे’ मात्र मला फार मोठं वाटलं. ज्या बाईने एकटीने घर ओढलं, ती सुनेला हे म्हणते. त्यांना मुंबईऐवजी हे सांगून बघा. मला वाटतं त्या आधी नको-नको म्हणतील, माझ्यावर कसली फिल्म म्हणतील, आणि मग रात्री स्वतःच एखादी आठवण काढतील.

फिल्म तयार झाल्यावर पहिला खेळ बडोद्यातच करा, मराठी मंडळींसमोर आणि कलाभवनच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर. मग महोत्सवांकडे पाठवा. मुंबईचा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव, ज्याला मिफ म्हणतात, 1990पासून भरतो, साधारण दर दोन वर्षांनी. त्याशिवाय लहान-मोठे पुष्कळ आहेत. अर्ज करताना नियम नीट वाचा. ‘नवोदित’ म्हणून असलेल्या काही योजनांना वयाची अट असते, तिथे शुल्क वाया घालवू नका. वयाची अट दिसली की तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. दिग्दर्शकाच्या वयाला कात्री लावणाऱ्या अशा अटी बदलायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. बायकांची पहिली फिल्म अनेकदा चाळिशीच्या आसपास होते, त्याआधीची वर्षं कुठे गेलेली असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

राहता राहिला तुमचा मुंबईचा सहकारी. त्याला उडवाउडवीचं उत्तर देऊ नका, माणूस आपण होऊन विचारतो आहे. फोन करून स्वच्छ सांगा की या वर्षी मी माझी फिल्म करते आहे, मार्चनंतर पंधरा-वीस दिवसांचं एखादं ठरावीक काम असेल तर जरूर कळव. आणि त्याच फोनवर एका चांगल्या साउंड रेकॉर्डिस्टचं नाव विचारून घ्या. डिसेंबरच्या तारखा त्यांच्याकडे आत्तापासून धरून ठेवाव्या लागतात.